दिव्यातला हिशोबाचा तास

दिव्यात फक्त झोपायला यायचं आणि कमवायला बाहेर जायचं, असं इथली माणसं सहज बोलून जातात. बोलणं खोटं नाही. ठाणे महापालिकेच्या हद्दीतलं, मुंब्रा आणि डोंबिवलीच्या मधलं हे जंक्शन. इथून एक फाटा पनवेलवरून कोकणात उतरतो, दुसरा भिवंडीवरून वसईला जातो. लालबाग-परळच्या चाळीत वाढत्या कुटुंबाला जागा पुरेना, तेव्हा कोकणातली कितीतरी घरं इथे आली. खोली परवडत होती आणि सावंतवाडीची गाडी इथूनच सुटत होती. मागोमाग घाटावरची, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेश-बिहारची माणसं आली. दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे ही मूळची आगरी-कोळी गावं. तिथली भातशेती आणि खाजणं बुजत गेली, आधी चाळी आणि मग इमारती उभ्या राहिल्या. माणसं ज्या वेगाने आली त्या वेगाने रोजगार मात्र आला नाही.

या वस्तीतल्या एका छोट्या व्यवसाय प्रशिक्षण वर्गात मी गेली काही वर्षं शिकवते आहे. शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती आणि वायरिंग शिकवणारे शिक्षक वेगळे आहेत. माझ्या वाट्याला येतो तो शेवटचा तास, ज्याच्यापुढे वेळापत्रकात ‘उद्योजकता’ असं लिहिलेलं असतं. मुलं त्याला हिशोबाचा तास म्हणतात.

वर्गात येणारी मुलं-मुली साधारण अठरा ते पंचविशीतली. कुणी दहावीच्या गणितात अडकलेलं, कुणी बारावीनंतर पैशाअभावी थांबलेलं. वडील रिक्षा चालवतात किंवा कुठे सिक्युरिटीत असतात. आई डोंबिवलीत किंवा ठाण्यात चार घरची कामं करते. लोकलच्या गर्दीत नको म्हणून बऱ्याच मुलींना घरच्यांनी नोकरीला पाठवलेलं नसतं. या मुलांसाठी जे छापील साहित्य आमच्याकडे येतं, त्याच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा धाडसाचा धडा असतो. मोठी स्वप्नं बघा, जोखीम घ्या, नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा.

हा धडा मी शिकवत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं खाली पडली आणि मेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दिव्याची पोरं तशाच दारात लटकून कामाला गेली, कारण एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार. निव्वळ कामावर पोचण्यासाठी ज्यांना एवढी जोखीम रोज घ्यावी लागते, त्यांना जोखीम घ्यायला शिका हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

उद्योजक घडवता येतो, हा विचार आपल्याकडे रुजला तो एका चांगल्या प्रयोगातून. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६०च्या दशकात आंध्रातल्या काकिनाडा इथे छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं. माणसातली काहीतरी करून दाखवण्याची ऊर्मी शिकवून वाढवता येते, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे देशभर उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले. आपल्याकडे १९८८ मध्ये औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभं राहिलं. या सगळ्यातून हजारो लोक उभे राहिले आहेत. पण काकिनाड्याची ती माणसं आधीपासून धंद्यात होती. त्यांच्याकडे माल होता, गावात पत होती. एक डाव फसला तर दुसरा टाकता येत होता. माझ्यासमोरच्या मुलीकडे असतं एक शिलाई मशीन, तेही हप्त्यावरचं. म्हणून माझा पहिला धडा भाव सांगण्याचा असतो.

भाव सांगणं ही वस्तीत फार अवघड गोष्ट आहे. गिऱ्हाईक म्हणजे समोरची वहिनी, वरच्या मजल्यावरची मावशी, आईच्या कामावरची मैत्रीण. ब्लाउज किती, असं तिने विचारलं की मुलगी मान खाली घालून म्हणते, “द्या काय द्यायचं ते.” मग हातावर जे पडतं तोच भाव ठरतो आणि पुढची दोन वर्षं तो हलत नाही.

म्हणून मी फळ्यावर हिशोब मांडायला लावते. समजा, अस्तराच्या ब्लाउजचे दोनशे रुपये घेतले. अस्तराचे पन्नास गेले, धागा-हुकांचे दहा, सुई, तेल आणि विजेचे पाच. राहिले एकशे पस्तीस. आता वेळ मोजायचा. माप घेणं, कापणं, शिवणं, हात शिलाई, एकदा फिटिंगला बोलावणं, बाही सैल झाली म्हणून पुन्हा उसवणं असे तीन तास झाले, तर तासाला पंचेचाळीस रुपये सुटले. त्याच्याच शेजारी दुसरा हिशोब मांडतो. पँटची उंची कमी करायचे पन्नास रुपये, धाग्याचे दोन, वेळ वीस मिनिटं. म्हणजे तासाला तीन पँट आल्या तर एकशे चव्वेचाळीस.

फळ्याकडे बघून वर्गात एकदम गलका होतो. प्रत्येक मुलीला डिझायनर ब्लाउज शिवायचा असतो. चेन बदलणं, उंची कमी करणं, उसवलेलं शिवून देणं हे त्यांना कमीपणाचं वाटत असतं. मग लगेच शंका येते, “पण मॅडम, पँटी रोज कुठे येतात?” बरोबर आहे, रोज येत नाहीत. गिऱ्हाईक नसलेला तास फुकट जातो, तो हिशोबात कसा धरायचा, यावर मग वाद सुरू होतो. लग्नसराईत ब्लाउज जास्त, जूनमध्ये शाळेचे गणवेश, एरवी दुरुस्त्या, असं मुलीच वर्षाचं गणित मांडायला लागतात. उद्योजकतेच्या पुस्तकात ज्याला नियोजन म्हणतात ते यापेक्षा निराळं नसतं. आपल्या तासाची किंमत एकदा कळली की भाव सांगताना मान आपोआप वर होते. मग आम्ही वर्गातच सराव करतो. एक जण घासाघीस करणारी मावशी होते, दुसरीने न चिडता आणि न लाजता भाव सांगायचा.

दुसरा धडा दोन पिशव्यांचा. मोबाईल दुरुस्ती शिकलेला एक मुलगा घरातूनच कामं घ्यायचा. हात इतका साफ की आजूबाजूच्या इमारतींतले फोन त्याच्याकडे यायला लागले. स्क्रीन फुटलेल्या फोनसाठी गिऱ्हाइकाने फोल्डरचे, म्हणजे नव्या डिस्प्लेचे पैसे आगाऊ दिले. त्याच संध्याकाळी घरातला गॅस संपला. पैसे सिलिंडरला गेले. फोल्डर आणायला उल्हासनगरला जायला पैसे नाहीत, म्हणून फोन उघडून तसाच पडून राहिला. गिऱ्हाइकाचे फोन येत राहिले, तो उचलेना. चार दिवसांत तो पोरगा फसवतो अशी चाळीत बोलवा झाली. त्याने कुणालाही फसवलं नव्हतं. घरात चूल पेटवायला पैसे नसताना खिशातले पैसे दुसऱ्याचे आहेत, असं म्हणणं सोपं नसतं.

त्या प्रसंगानंतर आमच्या वर्गात नियम झाला. सामानाची पिशवी वेगळी आणि मजुरीची वेगळी. घराला लागतील ते पैसे मजुरीतून द्यायचे. सामानाच्या पिशवीला हात लावायची वेळ आलीच, तर किती काढले आणि कधी परत ठेवणार, याची चिठ्ठी त्याच पिशवीत टाकायची. हा नियम आमचाच शोध आहे असं मी समजत होते. पण जगात दूरवर तो तपासून पाहिला गेला आहे. कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कर्ज घेऊन छोटा धंदा करणाऱ्या लोकांना दोन प्रकारे प्रशिक्षण दिलं गेलं. एका गटाला रीतसर हिशोबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या खणात ठेवा यासारखे मोजके साधे नियम. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्र शिकलेल्यांच्या व्यवहारात फारसा फरक पडला नव्हता. साधे नियम शिकलेल्यांच्या नोंदी आणि व्यवहार सुधारले होते.

पिशव्यांचा नियम टिकायचा तर तो घरालाही पटावा लागतो. म्हणून आम्ही आयांना बोलावतो. वडील क्वचित येतात, आया येतात. त्यांना हे समजावायला वेळ लागत नाही, कारण त्यांनी भिशी चालवलेली असते. भिशीच्या पैशाला घरात आजारपण आलं तरी हात लावायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. एक आई मला म्हणाली, “म्हणजे पोराची भिशी पोराकडेच. मग मी नाही मागणार.” या वस्तीतल्या कितीतरी मशिनींचं, टूलकिटचं पहिलं भांडवल बँकेतून येत नाही. ते आईला लागलेल्या भिशीतून येतं. मुलांना भांडवल शिकवताना मी भिशीपासूनच सुरुवात करते.

तिसरा धडा उधारीचा. वस्तीत उधारी पूर्ण नाकारता येत नाही. नाकारली की माणूस तुटतो, आणि माणूस हेच गिऱ्हाईक. दिली तर सामान आणायला पैसे उरत नाहीत. यातून एक वाक्य आम्ही घडवलं आणि ते मुलींकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो: “मामी, सामान मला रोखीनं आणावं लागतं, तेवढे आता द्या. मजुरी पगार झाल्यावर दिली तरी चालेल.” नातं राहतं आणि सामानाची पिशवीही भरलेली राहते. मजुरीची उधारी मामीच्या समोर वहीत लिहायची. समोर लिहिलेली उधारी बहुतेक वेळा वसूल होते.

चौथी गोष्ट धड्यापेक्षा अटीसारखी आहे. स्वतःचं बँक खातं हवं. बऱ्याच मुलींच्या कामाचे पैसे भावाच्या किंवा वडिलांच्या नंबरवर येतात, कारण क्यूआर कोड त्यांच्या खात्याचा असतो. महिन्याच्या शेवटी किती कमावलं, हे तिला सांगता येत नाही. स्वतःच्या खात्यावर पैसे जमा झालेले बघितल्यावर घरातलं तिचं बोलणं बदलतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता कुणी म्हणेल, हा तर सगळा जमाखर्च झाला. यात पुढाकार कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ठरावीक व्यापारी प्रशिक्षणापेक्षा पुढाकार घ्यायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने तिथल्या लोकांचा नफा जास्त वाढला होता, सरासरी तीस टक्क्यांनी. पण तिथे पुढाकार म्हणजे बेधडक उडी घेणं नव्हतं. इतरांपेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधणं आणि अडचण येण्याआधी तिचा विचार करणं, हे त्यात शिकवलं होतं.

आम्ही त्यासाठी बाजारफेरी काढतो. मुलांनी स्टेशन रोडवर उभं राहायचं, काही विकायचं नाही, फक्त बघायचं. कोण काय विचारतं आणि न मिळाल्यामुळे परत जातं, ते वहीत लिहायचं. एका मुलीने लिहून आणलं की कामावरून परतणाऱ्या बायका गाडीतून उतरतात तेव्हा आठ-साडेआठ वाजलेले असतात आणि टेलर दुकानं आवरत असतात. रविवारी सगळीकडे गर्दी. तिने घराच्या दारावर पाटी लावली: रात्री साडेआठ ते दहा कपडे घेतले जातील. आणखी काहीही बदललं नाही. शिवण इतरांसारखीच, भावही तोच. नोकरी करणाऱ्या बायकांची कामं तिच्याकडे यायला लागली. या पुढाकारासाठी कर्ज लागलं नाही आणि तो फसला असता तर नुकसान एका पाटीचं होतं.

नुकसानाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या वर्गातून गेलेल्या एका मुलाने उत्साहाच्या भरात स्टेशनजवळ गाळा घेतला. डिपॉझिटसाठी वडिलांनी व्याजाने पैसे उचलले. फर्निचर झालं, बोर्ड लागला, उद्घाटनाला पेढे वाटले. भाड्याइतकं काम मात्र सुरुवातीच्या महिन्यांत आलं नाही. दुकान बंद झालं. मुलाला नोकरी लागली, पण ते व्याज घरावर राहिलं आणि त्याच्या बहिणीचं कॉलेज थांबलं. सुखवस्तू घरातल्या मुलाचा धंदा बुडाला तर तो अनुभव म्हणून सांगता येतो. गरीब घरात एकाच्या बुडण्याची किंमत दुसरं कुणीतरी भरतं, आणि पुष्कळदा ती घरातली मुलगी असते.

म्हणून गाळ्याची घाई करू नका, असं मी आवर्जून सांगते. आधी दुसऱ्याच्या दुकानात काम करा. ठाण्यात, डोंबिवलीत, जिथे मिळेल तिथे. माल कुठून येतो, बिघडलेलं काम मालक कसं निस्तरतो, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलतो, हे पगार घेऊन शिका. मग सुट्टीच्या दिवशी घरातून कामं घ्या. ती वाढली तर पुढचं बघू. यातले अनेक जण पुढे नोकरीतच राहतात. चांगल्या पगाराचा, वेळेवर सुटणारा कारागीर होणं ही कमी प्रतीची गोष्ट आहे असं मी कधीही मानलेलं नाही.

सरकारी योजना आहेत आणि त्या मुलांना माहीत हव्यात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. १७ सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात शिंपी येतो, मोबाईल दुरुस्ती येत नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. तरी तिच्यासाठी एजंटला पैसे देऊन आलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला राज्याच्या २०१७च्या कायद्यानुसार नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दिव्यात आणखी एक अडचण येते, ती कागदांची. इथल्या असंख्य इमारती परवानगीशिवाय उभ्या आहेत. अशा जागेत राहणारं भाडेकरू कुटुंब वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलतं. आधार कार्डावर पत्ता एक, राहणं दुसरीकडे, भाडेकरार नावाला. अर्ज चांगला असूनही मुलगी बँकेतून परत येते ती इथे अडकून. त्यामुळे पत्ता, खातं, पॅन आणि वर्षभराची लिहिलेली वही तयार ठेवणं हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. वही दाखवली की बँकेतल्या माणसाचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे आणि तिचा मला आधार वाटतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली ग्रामीण मुलं तिथे वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामं प्रत्यक्ष करून शिकतात. शिकता शिकता खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं काम पैसे घेऊन करायचं, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. आम्ही ती उचलली. शेवटच्या महिन्यात आमच्या वर्गात सरावासाठी जुने कपडे आणि मेलेले फोन नसतात. शेजारच्या इमारतीतली दुरुस्तीची कामं असतात. पंखा चालला पाहिजे, कपडा अंगाला बसला पाहिजे, पावती लिहिली पाहिजे आणि पैसे मागितले पाहिजेत. काम चुकलं तर भरपाई वर्गाच्या फंडातून होते. चुकायचं असेल तर इथे चुका, घरचे पैसे अडकायच्या आधी, एवढाच त्यामागे हेतू आहे.

इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत पक्कं झालं आहे. गरीब मुलांना उद्योजकता शिकवायची असेल तर तिची सुरुवात भावापासून, पिशवीपासून, वहीपासून व्हायला हवी. एक तोटा पचवता येईल अशी सोय प्रशिक्षणातच हवी. असे वर्ग चालवणाऱ्या संस्थांना आणि त्यांना पैसा देणाऱ्यांना माझं मागणं आहे की किती प्रमाणपत्रं वाटली याच्याबरोबर वर्षभराने किती वह्या चालू आहेत, हेही मोजा. पाच-दहा हजारांचा तोटा सोसू शकेल असा छोटा फंड प्रत्येक केंद्राला द्या. एका मुलाचा पहिला प्रयत्न फसला म्हणून त्याच्या बहिणीचं शिक्षण थांबणार नाही, एवढं तरी त्याने होईल.

आणि वाचणाऱ्यांनाही एक विनंती. तुम्ही ठाण्यात, डोंबिवलीत, कुठेही राहत असाल, तुमच्या जवळच्या वस्तीत असं एखादं हात शिकलेलं मूल नक्की असेल. त्याला काम द्या. भाव आधी ठरवा, ठरल्यावर घासाघीस करू नका, काम झालं की त्याच दिवशी पैसे द्या. आणि काम आवडलं तर दुसऱ्यांदा त्याच्याचकडे जा.